कोरडे आणि वंगण घातलेले पृष्ठभाग : घर्षणांकाचा आकडा नेमका कशावर ठरतो?

आपला प्रश्न असा आहे, की पोलाद आणि कांसे या जोडीचा घर्षणांक, म्हणजे घर्षणबल भागिले भार हा आकडा, एका तक्त्यात ०.२, दुसऱ्यात ०.३५ आणि तिसऱ्यात ‘वंगणासह ०.०८’ असा दिलेला आढळतो. तेव्हा खरा आकडा कोणता मानायचा, कोरड्या पृष्ठभागांतले घर्षण कशामुळे कमीजास्त होते आणि वंगण घातल्यावर त्यात काय बदलते? त्याला जोडूनच, जाड तेल नेहमी पातळ तेलापेक्षा चांगले असते का, असेही आपण विचारले आहे. साखर कारखान्यांतल्या ऊस पिळणाऱ्या मिल आणि टर्बाइन यांच्या देखभालीत माझी बहुतेक नोकरी गेली, त्यामुळे उदाहरणे मुख्यतः तिथलीच येतील.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. घनता किंवा द्रवणांक हा जसा पदार्थाचा स्वतःचा गुणधर्म असतो, तसा घर्षणांक नसतो. तो दोन पदार्थांच्या जोडीचाही पूर्णपणे नसतो. ते दोन पृष्ठभाग, त्यांच्या मध्ये असलेला थर, त्यांच्यावरचा भार, त्यांची सापेक्ष गती, तापमान आणि भोवतालची हवा या सगळ्यांचा मिळून तो एक परिणाम आहे. तिन्ही तक्ते बरोबर असू शकतात. फक्त प्रत्येकाने कोणत्या परिस्थितीत मोजले ते छापायचे राहून गेलेले असते. मला विचाराल तर यातला सर्वांत महत्त्वाचा घटक म्हणजे मधला थर, आणि गंमत अशी की ‘कोरडे’ म्हणून ज्यांना आपण ओळखतो त्या पृष्ठभागांवरही तो असतोच.

कोरड्या घर्षणाचे दोन नियम शाळेतच शिकवले जातात. घर्षणबल हे भाराच्या प्रमाणात असते आणि ते संपर्काच्या दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. फ्रान्समध्ये आमोंताँ यांनी १६९९ मध्ये हे नियम मांडले; त्याआधी सुमारे दोनशे वर्षे लिओनार्दो दा विंची यांच्या टिपणवह्यांत ते नोंदले गेले होते, पण ते प्रसिद्ध झाले नव्हते. पुढे कुलोम यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यात भर घातली, की सरकायला लागल्यावर घर्षणबल गतीनुसार फारसे बदलत नाही. क्षेत्रफळाचा नियम विद्यार्थ्यांना नेहमी चमत्कारिक वाटतो, कारण वीट आडवी ठेवली काय आणि उभी ठेवली काय, घर्षण तेवढेच कसे राहील, हे मनाला पटत नाही.

त्याचे उत्तर विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये बाउडन आणि टेबर यांच्या कामातून मिळाले. यंत्रावर उत्तम घासून काढलेला पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल असतो, आणि दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त काही मोजक्या उंचवट्यांची टोके एकमेकांना टेकतात. त्या टोकांवरचा दाब इतका जास्त असतो, की धातू तिथे दबून पसरतो आणि भार पेलण्याइतके क्षेत्र तयार झाले की थांबतो. एक हिशोब करून पाहा. दहा सेंटिमीटर लांब आणि तितक्याच रुंद पोलादी ठोकळ्यावर १०० किलो भार आहे आणि त्या पोलादाचा कडकपणा दर चौरस मिलिमीटरला २०० किलो आहे असे धरले, तर प्रत्यक्ष टेकलेले क्षेत्र अवघे अर्धा चौरस मिलिमीटर भरते. दिसणारे क्षेत्र दहा हजार चौरस मिलिमीटर आहे, म्हणजे खरा संपर्क त्याचा वीस हजारावा भाग. भार दुप्पट केला की हे खरे क्षेत्र दुप्पट होते, आणि ठोकळा कोणत्याही बाजूवर ठेवला तरी ते तेवढेच राहते. दोन्ही जुने नियम यातूनच निघतात.

या टेकलेल्या बिंदूंवर धातू धातूला चिकटतो आणि सरकवताना ती चिकटलेली जागा कातरावी लागते. म्हणून घर्षणांक म्हणजे ढोबळमानाने तो सांधा कातरायला दर क्षेत्रफळामागे लागणारे बल भागिले मऊ धातूचा कडकपणा. धातू अधिक कडक घेतला तर संपर्कक्षेत्र कमी होते, पण त्याला कातरायला लागणारे बल त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे निव्वळ कडकपणा वाढवून घर्षण फारसे उतरत नाही. झीज मात्र कमी होऊ शकते. घर्षण आणि झीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्कशॉपमध्ये त्यांची नेहमी गल्लत केली जाते. ब्रेकच्या लायनरचा घर्षणांक भरपूर असूनही तो हजारो किलोमीटर टिकतो. उलट टेफ्लॉनचा घर्षणांक ०.०५ ते ०.१ इतका कमी असतो, पण त्यात काही भरण न घालता वापरले तर ते भराभर झिजते.

याच सूत्रातून घर्षण खरोखर उतरवण्याचा मार्गही दिसतो. खाली कडक धातू असावा म्हणजे संपर्कक्षेत्र लहान राहील, आणि त्यावर मऊ पदार्थाचा अगदी पातळ थर असावा म्हणजे कातरणे तेवढ्या थरातच होईल. पोलादी पाठीवर शिसे किंवा कथिल यांच्या मिश्रधातूचा पातळ थर दिलेली इंजिनची बेअरिंगे, म्हणजे फिरणाऱ्या दांड्याला आधार देणारे भाग, याच तत्त्वावर चालतात.

आता ‘कोरड्या’ पृष्ठभागावरच्या थराकडे वळू. हवेत उघड्या असलेल्या प्रत्येक धातूवर ऑक्साइडचा थर असतो, त्यावर हवेतल्या बाष्पाचा थर असतो आणि त्यावर बहुधा हाताचे किंवा यंत्राचे तेलकटपण असते. पोलादावर पोलाद कोरडे सरकवले तर हवेत घर्षणांक साधारण ०.५ ते ०.८ मिळतो, तो या थरांसकट मिळतो. तेच नमुने निर्वात पात्रात तापवून पूर्ण स्वच्छ केले, तर घर्षणांक एकाच्या कितीतरी वर जातो आणि पुष्कळदा दोन तुकडे थंड असतानाच एकमेकांना जोडले जातात. अवकाशयानांच्या सांध्यांना ही मोठी अडचण असते. जमिनीवर आपली यंत्रे सुरुवातीच्या काही फेऱ्यांत जाम होत नाहीत, त्याचे बरेचसे श्रेय गंजाच्या त्या अदृश्य थराला जाते. भार इतका वाढला की थर फुटून खालचा धातू उघडा पडतो, तेव्हा घर्षणांक एकदम उडी मारतो आणि पृष्ठभागावर चरे पडू लागतात. स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट कोरडे आवळताना मध्येच ‘धरतात’ आणि मग तोडावेच लागतात, हा अनुभव प्रत्येक फिटरला असतो. त्यामागे हेच कारण आहे.

हवेतल्या ओलाव्याचा परिणाम ग्रॅफाइटवर विशेष दिसतो. ग्रॅफाइटचे पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात हे खरे, पण त्यासाठी त्यांच्या कडांवर पाण्याची वाफ किंवा तत्सम वायू शोषलेला असावा लागतो. दुसऱ्या महायुद्धात विमाने फार उंचावरच्या कोरड्या, विरळ हवेत उडू लागली, तेव्हा त्यांच्या विद्युत यंत्रांतले कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे ग्रॅफाइटयुक्त ठोकळे, पाहता पाहता झिजून भुकटी होऊ लागले. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे दुसरे कोरडे वंगण मात्र उलट वागते. ते कोरड्या हवेत आणि निर्वातात उत्तम चालते आणि दमट हवेत बिघडते. दोन्ही पावडरी काळ्याच दिसतात म्हणून एकीच्या जागी दुसरी वापरणारे भांडार विभाग मी पाहिले आहेत. कोकणातल्या पावसाळ्यात आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात त्यांचे उत्तर एकच येणार नाही.

खडबडीतपणाबद्दल एक समज फार पक्का आहे, की पृष्ठभाग जितका गुळगुळीत तितके घर्षण कमी. काही मर्यादेपर्यंत तो खरा आहे, कारण फार खरबरीत पृष्ठभागाचे कडक उंचवटे समोरच्या मऊ धातूत नांगरासारखे चर काढतात आणि त्यालाही बल लागते. पण अतिशय गुळगुळीत आणि स्वच्छ पृष्ठभाग पुन्हा घर्षण वाढवतात. टूलरूममधल्या स्लिप गेजचे, म्हणजे अचूक मापाचे, दोन ठोकळे एकमेकांवर घासून बसवले की ते चिकटतात आणि सरळ ओढून सहजी सुटत नाहीत. वंगण घातलेल्या जोडीत तर आरशासारखी सफाई अनेकदा नुकसानच करते, कारण तेल धरून ठेवायला जागाच उरत नाही. इंजिनच्या लायनरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीवर, होनिंग करून (दगडाने घासून) मुद्दाम तिरप्या जाळीच्या रेषा ठेवतात आणि लेथच्या बेडवर स्क्रेपिंग करून (हाताने खरवडून) उथळ खळगे ठेवतात, ते शोभेसाठी नव्हे.

लेथचा विषय निघालाच आहे, तर वेळ आणि गती यांचेही सांगतो. स्थिर असताना सुरुवात करायला लागणारे बल हे सरकत असताना लागणाऱ्या बलापेक्षा बहुधा जास्त असते, आणि दोन पृष्ठभाग जितका वेळ टेकून राहतात तितके ते हळूहळू वाढते, कारण दाबाखाली संपर्काचे बिंदू थोडे थोडे पसरत राहतात आणि मधले तेल पिळून बाहेर जाते. त्यामुळे लेथची सरकणारी स्लाइड फार संथ गतीने सरकवली तर ती अडते, तिला ढकलणाऱ्या यंत्रणेत (ड्राइव्हमध्ये) ताण साठतो, मग ती एकदम सुटते आणि पुन्हा अडते. बारीक फीड देताना माप चुकते ते यामुळेच. यावर उपाय तीन दिशांनी करता येतो : ड्राइव्ह अधिक ताठ करावी, स्थिर आणि गतिक घर्षणातला फरक कमी करणारी रसायने असलेले स्लाइडवे तेल वापरावे, किंवा स्लाइडच्या खाली टेफ्लॉनयुक्त पट्टी चिकटवावी. नुसते जाड तेल ओतल्याने अडखळणे जातेच असे नाही.

इथून आपण वंगणाकडे येतो. वंगणाची भूमिका नीट समजायची असेल तर १८८३ सालचा एक प्रयोग जाणून घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये बोशॅम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर चाचण्या घेत होते. बेअरिंगच्या वरच्या भागात तेलासाठी म्हणून त्यांनी एक भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊ लागले. त्यांनी ते लाकडी खुंटीने बंद केले, तर खुंटी बाहेर ढकलली गेली. मग तिथे दाबमापक बसवला, तेव्हा तेलाचा दाब भाराच्या सरासरी दाबाच्या दुप्पट गेला आणि मापकाची मर्यादा ओलांडली. तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले : फिरणारा शाफ्ट (दांडा) तेलाला आपल्याबरोबर ओढत निमुळत्या होत जाणाऱ्या जागेत नेतो, तिथे दाब तयार होतो आणि शाफ्ट अक्षरशः तेलावर तरंगतो. त्या अवस्थेत धातू धातूला लागतच नाही. घर्षण उरते ते फक्त तेलाच्या थरांचे, आणि घर्षणांक ०.००१ ते ०.००५ इतका खाली येतो.

इथे सगळे नियम बदलतात, आणि आपल्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. कोरड्या घर्षणात क्षेत्रफळाला महत्त्व नव्हते, इथे आहे. तिथे गतीचा प्रभाव नगण्य होता. इथे गतीवरच सगळे उभे आहे. तिथे दोन धातू कोणते हे महत्त्वाचे होते; पूर्ण तरंगत्या अवस्थेत शाफ्ट पोलादाचा की पितळेचा याला काही अर्थ नसतो, तेलाची श्यानता, म्हणजे जाडपणा किंवा व्हिस्कॉसिटी, तेवढी मोजली जाते. जर्मनीत श्ट्रीबेक यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांतून जो आलेख पुढे त्यांच्या नावाने रूढ झाला, त्याच्या आडव्या अक्षावर एकच संयुक्त राशी घेतात : श्यानता गुणिले गती भागिले दाब. ही राशी अगदी लहान असली की पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतात, तेलाचा फक्त रेणूंइतका पातळ लेप मध्ये असतो आणि घर्षणांक ०.०८ ते ०.१५ च्या दरम्यान राहतो. याला सीमावर्ती वंगण म्हणतात. राशी वाढली की काही भार तेल उचलते आणि काही उंचवटे. घर्षणांक झपाट्याने उतरतो. एका बिंदूला तो सर्वांत कमी होतो, आणि त्यापुढे शाफ्ट पूर्ण तरंगल्यावर राशी वाढवत नेली तर घर्षणांक पुन्हा हळूहळू चढू लागतो.

जाड तेलाबद्दलच्या आपल्या शंकेचे उत्तर या चढत्या भागात आहे. बेअरिंग आधीच तरंगत असेल, तर आणखी जाड तेल घालणे म्हणजे त्याला तेल घुसळण्याचे जादा काम देणे. तापमान वाढते, वीज जाते आणि मिळत काहीच नाही. उलट बेअरिंग उतरत्या भागात असेल, तर जाड तेलाने घर्षण आणि झीज दोन्ही कमी होतात. म्हणून तेल बदलण्यापूर्वी आपण आलेखाच्या कोणत्या बाजूला आहोत हे ओळखायला हवे. थराची अंदाजी जाडी भागिले दोन्ही पृष्ठभागांचा एकत्रित खडबडीतपणा हे गुणोत्तर त्यासाठी वापरतात. ते एकाच्या खाली असेल तर सीमावर्ती, तीनच्या वर असेल तर पूर्ण थर, आणि मध्ये असेल तर मिश्र अवस्था समजावी.

साखर कारखान्यात या आलेखाची दोन्ही टोके शंभर पावलांत सापडतात. पॉवर हाउसमधल्या टर्बाइनचा २०० मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेतो, त्याच्या बेअरिंगवर सरासरी दाब दर चौरस सेंटिमीटरला १५ किलोच्या आसपास असतो आणि त्याला ४६ ग्रेडचे पातळ तेल उत्तम पुरते. मिलमधला रोलर मात्र मिनिटाला जेमतेम चार फेरे घेतो आणि त्याच्या गनमेटलच्या, म्हणजे एका प्रकारच्या कांशाच्या, बेअरिंगवर ८० ते १०० किलोचा दाब असतो. फेऱ्यांची संख्या ७५० पटींनी कमी आणि दाब सहा पटींनी जास्त. टर्बाइनइतकीच ती संयुक्त राशी मिलमध्ये आणायची झाली, तर श्यानता सुमारे साडेचार हजार पट हवी. मिलसाठी वापरली जाणारी डांबरासारखी जाड तेले काही हजार सेंटिस्टोकची (सेंटिस्टोक हे श्यानतेचे एकक) असतात, म्हणजे टर्बाइन तेलाच्या फार तर शे-दीडशे पट. त्यामुळे कितीही चांगले तेल घेतले तरी मिलचे बेअरिंग टर्बाइनसारखे तरंगणार नाही. ते हंगामभर सीमावर्ती आणि मिश्र अवस्थेतच चालते, हे गृहीत धरून बाकीची रचना करावी लागते.

आता ती रचना पाहा. शाफ्ट पोलादाचा आणि बेअरिंग गनमेटलचे असते, कारण पोलाद पोलादाला जितके चिकटते तितके कांशाला चिकटत नाही, आणि झीज व्हायचीच असेल तर ती बदलता येणाऱ्या स्वस्त भागाची व्हावी. घर्षणांक ०.१ च्या आसपास असल्याने उष्णता बरीच निर्माण होते, म्हणून बेअरिंगच्या आतून थंड पाणी फिरवतात. ते पाणी अडले की तेल तापते, तापले की पातळ होते, पातळ झाले की घर्षण वाढते आणि ते आणखी तापते. या चक्राला सुरुवात झाली की पुढच्या घटना फार वेगाने घडतात. त्यात भर म्हणजे उसाचा रस. तो आम्लधर्मी असतो, आणि रस बेअरिंगबाहेर अडवणारे सील खराब असेल तर रस आणि बारीक भुसा शाफ्टवर पोहोचून तेल धुऊन काढतात. माझ्या अनुभवात बेअरिंग बिघडण्याची जी प्रकरणे ‘तेल खराब’ म्हणून नोंदली गेली, त्यांतली बरीच प्रत्यक्षात सील किंवा थंड पाण्याची होती. अलीकडे काही कारखान्यांनी गनमेटल काढून मोठी रोलर बेअरिंगे बसवली आहेत आणि त्यात विजेची बचत होते, कारण लोळणाऱ्या संपर्काचा घर्षणांक सरकणाऱ्या सीमावर्ती संपर्काच्या कितीतरी खाली असतो. पण तिथे सीलची चूक मुळीच खपत नाही.

टर्बाइनलाही एक धोक्याची वेळ असते, ती म्हणजे सुरू होण्याची आणि थांबण्याची. फेरे शून्याजवळ असताना ती राशीही शून्याजवळ असते आणि शाफ्ट पांढऱ्या धातूच्या, म्हणजे कथिल किंवा शिशाच्या मऊ मिश्रधातूच्या, अस्तरावर टेकलेला असतो. मोठ्या यंत्रांत म्हणूनच आधी जास्त दाबाने तेल खालून घालून शाफ्ट उचलतात आणि मगच फिरवतात. बेअरिंगची बहुतेक झीज या काही क्षणांत होते, पूर्ण वेगाने अखंड चालणाऱ्या महिन्यांत नव्हे.

सीमावर्ती अवस्थेत श्यानतेला फारसे काम नसते. तिथे तेलाचे रसायन काम करते. बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालण्याची जुनी पद्धत यादृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध होती. एरंडेल जाड असते हे एक, आणि त्यातल्या मेदाम्लांच्या रेणूंचे एक टोक धातूला धरून बसते हे दुसरे. पहिल्या महायुद्धातल्या अनेक विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच वापरत. मात्र असे चिकटलेले रेणू साधारण १०० ते १५० अंश सेल्सिअसनंतर सुटू लागतात. त्यापुढच्या भारासाठी गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे घालतात. उंचवट्यांच्या टोकांवर क्षणभर जी तीव्र उष्णता निर्माण होते तिच्यामुळे ती धातूशी संयोग पावतात आणि सहज कातरला जाणारा थर तयार करतात. इंजिनच्या तेलात हेच काम जस्ताचे एक संयुग गेली अनेक दशके करत आले आहे. इथे एक सावधगिरी सांगतो. गिअरबॉक्ससाठी ‘जास्त भाराचे’ म्हणून मिळणारे सक्रिय गंधकयुक्त तेल कांशाच्या वर्म व्हीलवर (मळसूत्रासारख्या दांड्याने फिरणाऱ्या दातेरी चाकावर) घालू नये, कारण गरम झाल्यावर ते गंधक कांशातल्या तांब्यावर हल्ला करते आणि दात काळे पडून झिजतात. तेलाचा डबा बदलताना ग्रेडबरोबर ही बाजूही तपासावी.

घर्षण कमी करणे हे नेहमीच उद्दिष्ट नसते, हेही लक्षात असू द्यावे. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण उतरवणारी रसायने असतात. ती मोटरसायकलमध्ये भरली तर इंजिन खूश आणि क्लच घसरतो. म्हणून जपानी मानकानुसार मोटरसायकलच्या तेलावर ‘एमए’ आणि कोरड्या क्लचच्या स्कूटरच्या तेलावर ‘एमबी’ अशी खूण असते. जोडी तीच, तेलाची श्यानताही तीच, तरी केवळ रसायनामुळे घर्षणांक बदलतो.

तापमानाचा परिणाम तेलावर किती होतो याचा एक आकडा देतो. ४६ ग्रेडचे सर्वसाधारण खनिज तेल ४० अंशांना ४६ सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना सातच्याही खाली येते. म्हणजे डब्यावरचा आकडा ४० अंशांचा आहे, आपल्या बेअरिंगचा नव्हे. ग्रीसच्या बाबतीत एवढेच सांगतो, की त्यातला वंगण करणारा भाग मुख्यतः तेलच असतो आणि त्यात मिसळलेला साबण ते धरून ठेवतो. बेअरिंगची पोकळी ग्रीसने पूर्ण भरली तर ते घुसळले जाऊन तापते, म्हणून ती एक तृतीयांश ते अर्धी भरावी. गिअरचे दात आणि बॉल बेअरिंग यांच्यात एक वेगळीच गोष्ट घडते. तिथला दाब इतका प्रचंड असतो, की क्षणभर तेलाची श्यानता हजारो पटींनी वाढते आणि पोलाद स्वतः किंचित लवते. या दोन्हींमुळे मायक्रॉनच्या काही दशांशांइतका थर टिकून राहतो. हे गणित विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच नीट उलगडले.

कोरडे आणि वंगणयुक्त यांच्या मधली एक अवस्था आहे, तिच्याकडे पुस्तके फार लक्ष देत नाहीत. ती म्हणजे नको तिथे, नको तेवढे वंगण. कसारा आणि भोर या दोन्ही घाटांत रेल्वेचा चढ ३७ ला १ इतका तीव्र आहे. १००० टनांच्या गाडीला तिथे नुसत्या चढासाठी २७ टन बल लागते. १२० टनांच्या एका इंजिनाला रूळ कोरडे असताना ०.३ घर्षणांक मिळाला तर ३६ टन ओढ शक्य होते, तो ०.१ वर आला तर फक्त १२ टन. मागून ढकलणारी बँकर इंजिने आणि चाकापुढे वाळू टाकण्याची सोय यासाठीच आहे. यातही मुसळधार पावसापेक्षा पहिली रिमझिम किंवा दव अधिक त्रासदायक ठरते, कारण थोडे पाणी आणि रुळावरची गंजाची भुकटी मिळून चिकट लेप तयार होतो, तर जोरदार पाऊस तो धुऊन नेतो.

रस्त्यावर टायरची गोष्ट आणखी निराळी आहे. रबर लवचीक असल्याने भार वाढवला तरी खरे क्षेत्र त्याच प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे आमोंताँचा नियम तिथे लागू पडत नाही. रस्त्यावर पाणी साचले असेल आणि टायरच्या नक्षीला ते उपसता येत नसेल, तर टॉवर यांच्या बेअरिंगमधले तेल जे करते तेच पाणी करते : चाक उचलले जाते. ते कोणत्या वेगाला उचलले जाईल हे काढण्यासाठी विमानांच्या टायरवरून काढलेले एक सूत्र वापरतात. ३० पीएसआय हवा असलेल्या टायरला ते सुमारे ९० किलोमीटर ताशी वेग दाखवते. द्रुतगती मार्गावर पावसात हा वेग सहज ओलांडला जातो, आणि झिजलेल्या टायरला तर त्याच्या आतही धोका असतो.

उरला आपला मूळ प्रश्न, की हिशोबात कोणता आकडा घ्यायचा. पोलाद आणि कांसे या जोडीसाठी कोरडे असताना ०.२ ते ०.४, तेलाचा नुसता लेप असताना ०.०८ ते ०.१५ आणि पूर्ण थर असताना ०.००१ ते ०.०१ असे पट्टे धरावेत, आणि पट्ट्यातली कोणती बाजू घ्यायची हे धोका कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरवावे. मोटर निवडत असाल तर चालू असतानाचा नव्हे, दोन दिवस बंद राहिलेले यंत्र सुरू करतानाचा वरचा आकडा घ्यावा. ब्रेक, क्लच किंवा घर्षणावर धरून ठेवणारा सांधा आखत असाल तर खालचा आकडा घ्यावा, आणि तिथे तेल उडण्याची शक्यता असेल तर कोरडा आकडा मुळीच घेऊ नये. ब्रेकच्या लायनरचा घर्षणांक थंड असताना ०.३५ ते ०.४५ असला तरी सुमारे ३०० अंशांच्या पुढे त्यातली राळ जळू लागते आणि तो घसरतो, म्हणून लांब उताराच्या गाडीसाठी गरम अवस्थेचा आकडा मागवावा. पुरवठादाराने आकडा दिला तर भार, गती, तापमान आणि वंगण यांची नोंद त्याच्याकडून लेखी घ्यावी. ती मिळत नसेल तर आपल्याच यंत्रावर मोटरचा करंट आणि बेअरिंगचे तापमान मोजून घर्षणाचे नुकसान काढणे हे कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचे असते.